धावपट्टीवर मी घातलेला घाव

आमच्या गावच्या जुन्या क्रीडासंकुलाचं नूतनीकरण दसऱ्यालाच सुरू व्हावं, हा हट्ट माझा. ठेकेदार म्हणत होता, "सर, पोलीस भरती होऊ द्या. पोरं-पोरी पळत्यात हितं. उन्हाळ्यात धावपट्टी नवीकोरी करून देतो." पण समारंभाशिवाय निवृत्त क्रीडाशिक्षकाच्या हाती माइक कुठला यायला? म्हणालो, "दसरा सोडायचा? जमणार नाही!"

नारळ फुटला. लोक जांभया देईपर्यंत मी बोललो. मग चेव येऊन जेसीबीत चढलो, चालकाच्या हातावर हात ठेवला आणि पहिला घाव थेट धावपट्टीवर घातला. या कडेपासून त्या कडेपर्यंत चर पडला. टाळ्या माझ्याच जास्त. त्याच आठवड्यात जेसीबी लोणंदला दुसऱ्या कामावर गेला, तो गेलाच.

माझी पुतणी भरतीची तयारी करत होती. वय भरत आलेलं, ही शेवटची संधी.

"तात्या, आता पळू कुठं?"

"रस्त्यावर पळ. दम वाढतो."

दसऱ्यानंतर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, हे या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागतं का? रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्कश गाणी. एकदा ट्रॉली इतकी अंगावर आली की पोरीनं ओढ्यात उडी टाकली. चिखलानं माखून घरी आली आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

त्या दिवशी माझा धीर सुटला. ठेकेदाराचा फोन बंद. शेवटी खोरं घेऊन मीच चर बुजवायला लागलो. सकाळी फिरायला येणारा माझा मित्र, माजी सैनिक, कठड्यावर बसून म्हणाला, "मास्तर, मुहूर्त बघून बुजवताय न्हवं? न्हाईतर परत उकराय लागंल!"

"हस गड्या, हस," म्हणत मी माती लोटली, पायानं थापटली. वरून अगदी सपाट दिसत होती. पुतणीला मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "जा, तुझा रस्ता मोकळा!"

दुसऱ्याच फेरीला तिचा पाय त्या भुसभुशीत मातीत घोट्यापर्यंत गेला.

हळद लावली, लेप दिला, नवस बोललो. सूज काही हटेना. तारीख थोडीच थांबते! सांगलीच्या मैदानावर ती पट्टी बांधून उतरली. मी फाटकाबाहेर. आत शिट्टी वाजली की मी फाटकाच्या गजांतून डोकावायचो.

ती लंगडत बाहेर आली. "पुरं पळले, तात्या. पण लय मागं पडले."

मी तिची पिशवी खांद्याला लावली. आधार देत तिला मोटारसायकलवर बसवलं.

परतताना संकुलापाशी तिनं मोटारसायकल थांबवायला लावली. बुजवलेली माती खचून चर पुन्हा उघडा पडला होता. बाजूला ठेकेदाराचा फलक, 'खेळाडूंच्या उज्ज्वल भविष्यासाठी'. ती बघत राहिली. मी म्हणालो, "पोरी, मी उद्या परत..."

"आवं तात्या, नगं," ती म्हणाली. "गाडी घ्या पुढं. मागनं ऊस येतोय."