चिकटपट्टीला टिकेल ती सीडी

मार्च महिन्यात, बी.ए.च्या परीक्षेला तीन आठवडे उरले असताना, मुलुंडला आमच्या घरी ध्वनिमुद्रित केलेली इतिहासाची सीडी शेवटच्या दोन प्रकरणांपाशी बंद पडली. ती मानखुर्दला राहणाऱ्या एका अंध विद्यार्थ्याकडे होती. तो शेवटच्या वर्षाला होता आणि त्याच्यापाशी दुसरे पाठ्यपुस्तक नव्हते.

"काकू, अठराव्या प्रकरणाला तुम्ही गप्प झालात," तो फोनवर माझ्या बायकोला म्हणाला. "रागावलात काय माझ्यावर?"

"रागावले तर मी जास्त बोलते, काकांना विचार. पुन्हा लावून बघ."

"किती वेळा लावू? घर्र करते नि परत पहिल्यावर जाते. पहिलं प्रकरण आता तुमच्यापेक्षा मला जास्त पाठ आहे."

मी तेव्हा एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बायकोने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. दुपारी ती आणि सोसायटीतल्या तिच्या मैत्रिणी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करत. पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारणीला कुकर लावायची बंदी. एमपी-थ्री स्वरूपात अख्खे पुस्तक एका सीडीवर मावत असे. मोबाइलवर पुस्तके ऐकण्याचे दिवस अजून यायचे होते. त्या मुलांकडे ते वाजवणारे सीडी प्लेअर होते.

तिने त्याच गठ्ठ्यातली दुसरी सीडी भरून त्याला पोचवली. आठवड्याने तीही त्याच जागी अडकली. संगणकावर मूळ वाचन शाबूत होते. बायकोने दोन्ही सीडी परत मागवल्या आणि ट्यूबलाइटसमोर धरल्या. दोन्हींच्या काठाशी, एकाच जागी, बारीक भोकांतून उजेड येत होता. ती जागा ब्रेल पट्टीची होती.

सीडीवर मजकूर मधल्या भोकाकडून बाहेर लिहिला जातो. पुस्तक मोठे असेल तर शेवटची प्रकरणे काठाला येतात. मुलांना चाचपून सीडी ओळखता यावी म्हणून पुस्तकाच्या नावाची ब्रेल पट्टी काठाशी चिकटवायची, ही बायकोचीच कल्पना. पट्टी प्लेअरमध्ये घासली की मुले ती सोलून पुन्हा नीट बसवत. मजकूर धरणारा चंदेरी थर सीडीच्या वरच्या बाजूलाच असतो. त्यावर फक्त पातळ लेप असतो. हलक्या प्रतीच्या सीडीवर तो लेप डिंकाबरोबर उचलून येत होता, आणि त्याखालचा इतिहासही.

"पट्टी आता मधल्या पारदर्शक कड्यावर लावायची," बायको म्हणाली. "आणि सीडी पारखून घ्यायची. मुलं सोलणार नाहीत याची खात्री मी देणार नाही."

विद्यार्थ्याने फोनवर सांगितले, "मीपण येतो. सोलण्याचा अनुभव माझा आहे."

शनिवारी आम्ही तिघे घाटकोपरच्या बाजारात गेलो. सीडीच्या दुकानदाराने तीन प्रकारचे डबे पुढे ठेवले.

"ताई, माल सगळा सारखाच. नाव बघून घ्या."

"नाव नंतर बघू. प्रत्येकातली एक सुटी द्या. विकत घेते." तिने पर्समधून चिकटपट्टी काढली, पहिल्या सीडीच्या काठाला दाबून बसवली आणि ओढली. पट्टीवर चंदेरी कपचे आले.

"टेप लावून सीडी कोण घेतं?" दुकानदार म्हणाला.

"आम्ही घेतो," विद्यार्थी म्हणाला. त्याने काठावरून बोट फिरवले. "भाऊ, ही सीडी आहे की काजूकतली? वर्ख हाताला लागला."

दुसरीचेही तेच झाले. तिसरीचा थर टिकला, पण ट्यूबलाइटसमोर धरल्यावर काठाशी तिचा रंग एकसारखा दिसेना. तिथे मजकूर नीट उमटेल याचा भरवसा नव्हता, म्हणून बायकोने ती बाजूला ठेवली. दुकानदार आत गेला आणि पांढऱ्या, खरखरीत पाठीच्या सीडी घेऊन आला. त्या फोटो स्टुडिओवाले पाठीवर नाव-चित्र छापायला नेत. चिकटपट्टी कोरी निघाली. विद्यार्थ्याने नखाने खरवडले, स्वतः पट्टी लावून दोनदा सोलली.

"हिचा लेप जाड आहे, काकू. ही घ्या."

तिने आधी उजेडासमोर धरून पाहिली, मग घेतली. आम्ही निघालो तेव्हा दुकानदार स्वतःची चिकटपट्टी घेऊन उरलेले डबे तपासत होता.

घरी तिने सीडी सर्वांत कमी वेगाने भरली, संगणकाकडून पडताळून घेतली आणि प्लेअरमध्ये घालून आधी शेवटचे प्रकरण लावले. ते संपेपर्यंत ती जागची उठली नाही. छापण्याआधी मजकूर तपासणे हे माझे काम होते. माझ्या कार्यालयात इतकी तपासणी मी पाहिली नव्हती. हे मी तिथे अनेकांना सांगितलेही. त्यानंतर तिच्या गटाचे प्रत्येक पुस्तक असेच बाहेर पडले.

दोन दिवसांनी विद्यार्थ्याचा फोन आला.

"काकू, एकोणीस संपलं. शेवटी तुम्ही हुश्श म्हणालात, तेपण आलंय."

"मग आता फोन ठेव नि अभ्यासाला बस."

परीक्षेत एकोणिसाव्या प्रकरणावर प्रश्न आला. त्याने तो लेखनिकाला सांगून पूर्ण सोडवला. निकाल जूनमध्ये लागला. तो उत्तीर्ण झाला होता आणि इतिहासात त्याला प्रथम वर्गाचे गुण होते.