ओट्यावरचा तारा

नाताळचा तारा नवं वर्ष झालं की उतरवायचा, ही आमच्या घरची रीत. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते आणि विनाकारण दिवा जळलेला त्यांना खपत नसे. "वीज काय झाडाला लागते?" हे रोज एकदा तरी ऐकावं लागायचं. पण एकोणऐंशीच्या नाताळचा तारा जानेवारी संपला तरी रोज संध्याकाळी ओट्यावर लागत होता आणि पप्पा चकार शब्द काढत नव्हते.

तारा लावायची आई. त्यामागचं कारण मला फार पुढे कळलं. आदल्या वर्षी माझ्या ताईने पंचवटीतल्या एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं होतं. पप्पांचा राग नाकाच्या शेंड्यावर. "माझ्या दारात पाय ठेवायचा नाही," म्हणाले, आणि घरात तिचा विषय बंद झाला. आई मात्र भाजीच्या निमित्ताने पंचवटीत जाऊन तिला गुपचूप भेटली होती. ताईला दिवस गेले होते. "थंडी सरली की बाळाला घेऊन ये," आई तिला म्हणाली. "ओट्यावर तारा दिसतोय तोवर दार उघडं समज. पप्पांना मी वळवते."

शेजारच्या मावशी चिडवायच्या, "काय हो, होळीलापण नाताळच का तुमचा?" आई हसून वेळ मारून न्यायची. दारच्या आंब्याला मोहर आला, बाजारात द्राक्षं आली. आईचं सगळं लक्ष फाटकाकडे.

आणि एका रविवारी चर्चमधून आल्या आल्या पप्पांनी स्टूल घेतलं आणि तारा काढला.

"राहू द्या ना," आई कशीबशी म्हणाली.

"काय राहू द्या? कागदाच्या चिंध्या झाल्यात. पोरगी झालीय म्हणे तिला. उद्या माझी मुलगी लेकराला घेऊन आली, तर हा असला तारा बघेल? ईस्टरला नवा लावतो."

वर्षभरात पहिल्यांदाच ते तिला माझी मुलगी म्हणाले होते. आईला इतका आनंद झाला की ती पुढे काही बोललीच नाही. नुसता बल्ब टांगला असता तरी चाललं असतं, पण आनंदात माणसाला शहाणपण सुचतं कुठे?

पप्पांचं काम निगुतीचं. कामट्या नव्याने तासल्या, लाल कागद आणला, खळ लावून सुकवला. तोवर ओटा अंधारात. ईस्टरला नवा तारा लागला आणि पाऊस येईपर्यंत पप्पांनी तो कुणाला काढू दिला नाही. ताई आली नाही. आई पुन्हा पंचवटीत गेली, तर जावयाची बदली होऊन ती दोघं गाव सोडून गेलेली. "बापावर गेलीय," पप्पा म्हणाले. पुढच्या नाताळला त्यांनी तारा केलाच नाही.

ताई आली ती थेट पप्पांच्या मातीला. तिची पोर तेव्हा शाळेत जात होती. पाहुणे पांगल्यावर आई तिला म्हणाली, "तारा लावून किती वाट पाहिली गं. एकदा तरी यायचंस."

"आले होते की. हिला घेऊन बसमधून उतरले, कोपऱ्यावर उभी राहिले. ओट्यावर अंधार होता. म्हटलं, पप्पांनी निकाल दिला. तशीच मागे फिरले."



"अगं, तुझ्यासाठीच काढला होता तो," आई म्हणाली.

हे ऐकायला पप्पा हवे होते. दोघींवर भडकले असते, पण हवे होते.