बटण काकांच्या हाती

कोराडीच्या आमच्या कॉलनीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई वीज केंद्रात मीटर दुरुस्त करतात. कुठलीही वस्तू दिसली की आधी बोटानं वाजवून बघतात आणि मलाही थांबवतात, "ऐका नं, कशी बोलून राहिली!" सुट्टीत त्या एकतारीला, खंजिरीला छोटा माइक चिकटवतात आणि स्वतः जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक डब्यातून त्यांचे सूर लांबवतात, उलटे फिरवतात.

परवा सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. साथीला, माइक चिकटवलेली खंजिरी घेऊन, भजनी मंडळातले म्हातारे काका होते. पहिल्याच थापेचा घुमारा ऐकून त्यांनी खंजिरी खाली ठेवली.

"ही मशीन माहा हात खाऊन राहिली. मी नाही वाजवत."

लोक कुजबुजू लागले. बाईंनी शांतपणे डबा उचलून काकांच्या मांडीशी ठेवला.

"मंग बटन तुमीच घ्या, काका. बंद ठेवलं तरी चालते."

काकांनी ते बंद केलं आणि साधीच खंजिरी वाजवली, झकास. मग कुतूहलानं बटण जरासं फिरवलं. एका थापेच्या सात थापा झाल्या. काका हसले आणि त्या थापांना जबाब देऊ लागले. बाई एकतारीवर त्यांच्यामागून वाजवत राहिल्या. डब्याला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही.

नंतर मी विचारलं, "बटण त्यांच्या हाती द्यायची भीती नाही वाटली?"

"काहून?" त्या म्हणाल्या. "त्यायचा कान माह्यापेक्षा पक्का हाय."