उपाशी पोटी घेतलेली लस

काल सकाळी शेण काढलं, गायीची धार काढली, पोरीच्या डब्याला पोळ्या केल्या. मी मात्र काही खाल्लं नाही, कारण चतुर्थी होती. हा उपास माझ्या मालकांचा. ते गेल्यापासून मी धरते, चंद्र दिसेपर्यंत पाणीही घेत नाही.

लसीला जेवून जा, पाणी पिऊन जा, हे या ग्रुपवर मीच लिहिलं होतं. गल्लीतल्या बायांना वाचूनही दाखवलं होतं. काल त्यांना शाळेत लसीला घेऊन गेले तीही मीच.

"काकू, जेवून आल्या ना?" सिस्टरनं विचारलं.

"हाव, जेवली ना," मी म्हणाले.

लस घेऊन उठले आणि चक्कर येऊन पडले. त्यांनी निजवलं, पाणी पाजलं, तेव्हा बरं वाटलं. पण रांगेतल्या माझ्या थोरल्या जाऊबाई बायांना म्हणाल्या, "ही इतकी वाचते, तिलेच सुईनं पाडलं. आपलं काय होईन? चाला वं घरी."

साऱ्या निघून गेल्या. जाऊबाईंना दमा आहे, लस सगळ्यांत आधी त्यांनाच हवी होती. मी उपाशी आहे, एवढंच सांगायचं होतं. लाजेनं तोंड उघडलं नाही. तुमचं कधी असं झालं का?

रात्री हात ठणकला, थोडा ताप आला, पहाटे उतरला.

आज सकाळी मी भाकर खाल्ली, जाऊबाईंच्या ओट्यावर गेले आणि बसलेल्या सगळ्या बायांसमोर खरं सांगितलं.