सायबिणीचं तोंड

फिनाईलचा वास मला अजून सोसत नाही. लोकांना तो स्वच्छतेचा वास वाटतो. मला ती मेली वाडी आठवते आणि तिडीक जाते डोक्यात.

मालवणाजवळच्या आमच्या ख्रिस्ती वाडीत ऑक्टोबरात सायबीण घरोघर फिरायची. सायबीण म्हणजे मरियामाता, हातभर उंचीची, लाकडाची, गोव्याहून रंगवून आणलेली. एक रात्र एका घरी मुक्काम. संध्याकाळी जपमाळ, मग सगळ्यांना उकडलेले चणे. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या बाईने तिला आपल्या हातांनी शेजारच्या उंबऱ्यावर नेऊन द्यायची. मधलं घर गाळायचं नाही, असा रिवाज. आणि तरी एक घर दरवर्षी गाळलं जायचं.

ते आमच्या परसाच्या दगडी गडग्याला लागून होतं. तिथे एक विधवा एकटीच राहायची. तिला रक्तपिती होती, बोटं झडली होती. विहिरीवर तिला यायची बंदी, चर्चमध्ये ती दाराबाहेर. तिच्या पलीकडे वाडीतल्या मोठ्या माणसाचं घर. हा पहिल्या बाकावर बसायचा आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने प्रार्थना म्हणायचा. सायबिणीच्या पाळ्या तोच लावायचा, आणि हे घर त्यानेच गाळलं होतं. म्हणे सायबिणीचा मान राखायला हवा. शी! याच्या मानाला काय जाळायचंय?

मी लग्न होऊन आले ती एकोणीसशे सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराला. नवरा बोटीवर, घरात मी आणि सासू. त्या ऑक्टोबरात सायबीण आमच्याकडे आली तेव्हा माझ्या पोटात पहिलं मूल होतं. दुपारी मी परसात गेले, तर गडग्यापलीकडून ती बाई म्हणाली, "मरच्या आदी एकदा तरी येवंदे गो ती माझ्याकडे."

सासूला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. पोटातल्या पोराला लागलं म्हणजे? आपलंही घर गाळलं म्हणजे? सासू वाईट नव्हती, भ्यायली होती. मीही भ्यायलेच होते. तो रोग कसा लागतो कोणाला धड ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे वाऱ्याने, कोणी म्हणे सावलीने. त्या घरात आत काय आहे ते वर्षानुवर्षं कोणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जपमाळ म्हणताना मरियेने आपल्या नातलग बाईला भेट दिली तो भाग आला. लहानपणापासून तोंडपाठ होता. त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं की मरियासुद्धा पोटुशीच होती. डोंगर चढून गेली. पलीकडे काय होईल ते तिला तरी कोणी सांगितलं होतं? मी देवाला म्हटलं, भीती काही जात नाही माझी, पण जाते मी. आता तू बघ.

दुसऱ्या दिवशी सायबीण उचलली आणि त्या दारात शिरले. आतला वास! पू, रॉकेल, सुकी मासळी, ओल्या चिंध्या, सगळं एकत्र. ओकारी तोंडात आली ती गिळली. पण जमीन ताजी सारवलेली होती, मनगटांनी सारवल्याच्या रेघा दिसत होत्या, आणि स्टुलावर पांढरं फडकं अंथरलं होतं. ती मूर्तीला हात लावीना. मीच तिच्या कवेत दिली. ती तिला छातीशी धरून नुसती बसून राहिली.

सकाळी न्यायला गेले तर ती तयार. "ह्या घरातली बाई मी. मीच न्हेतलंय तिका फुडच्या घराक," म्हणाली. मी बरोबर चालले. तो पहिल्या बाकावरचा मोठा माणूस फाटकातच उभा. उंबऱ्यापर्यंत येऊ देईना. गडग्यावर ठेव आणि जा, म्हणाला. तिने ठेवली, कपाळाला क्रूस केला आणि वळली. मला राग आला होता म्हणून मी तिथेच उभी राहिले.

ती वळणाआड गेली आणि बादली बाहेर आली. तयारच होती, फिनाईलने भरलेली! त्या माणसाने देवाच्या आईला डोकं खाली करून बुडवलं आणि नारळाच्या सोडणाने करपलेलं टोप घासावं तशी घासली. डोळे गेले, ओठ गेले, पांढरं लाकूड उरलं. मी तोंडाला येईल ते बोलले. तो मूर्ती झटकून आत घेऊन गेला.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी सगळी वाडी जमली. सायबिणीला तोंड नव्हतं. बाया कुजबुजल्या. तो शांतपणे म्हणाला की रोगी हात लागला, म्हणून तोंड गेलं. खोलीत फिनाईलचा भपका होता, आणि तरी सगळ्यांनी माना डोलावल्या! मी बादलीचं सांगितलं तर माझ्याकडेच वेडी असल्यासारखं बघायला लागले. मग चणे खाल्ले. त्या खाणाऱ्या तोंडांची मला जी किळस आली, ती त्या बाईच्या घरातल्या चिंध्यांची नव्हती आली.

मला पोरगी झाली, ठणठणीत. आमचं घर त्याने गाळलं नाही, नवऱ्याच्या बोटीवरच्या पगारातून चर्चला देणगी जायची ना! पुढच्या वर्षी सायबीण नवा रंग लावून आली. पोरीला सासूकडे दिलं आणि मूर्ती घेऊन मी शेजारी गेले. दार आतून बंद.

"तू घेऊन जा गो तिका," आतून आवाज आला. "माज्या हातान तिचा तोंड गेला."

वाडीतलं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं, आणि वर्षभर ती ते उराशी धरून बसली होती. बादली तिने पाहिलीच नव्हती, आणि मला वाटलं होतं तिला ठाऊक असेल. मी उंबऱ्यावर बसले आणि फळीला तोंड लावून सगळं सांगितलं. फिनाईल, सोडण, सगळं.

"फिनायल?" ती म्हणाली. "डोळ्यांत गेला आसात गो तिच्या."

आणि तिने कडी काढली.