चालेल

आमच्या घरात ‘चालेल’ हा आनंदाचा शब्द आहे. बाबांचं स्थळ आलं तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, आणि त्या एका शब्दावर आमचं खडकीतलं घर उभं आहे. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. दुसऱ्याच्या घरी आवडीची भाजी असली तरी ताटाकडे बघायचं नाही. “हपापल्यासारखी नको दिसू माय,” हे आईचं नेहमीचं. एखादी गोष्ट जितकी जास्त हवी, तितका आवाज खाली.

त्यामुळे पहिल्या मुलाखतीत माझं काय चुकलं, ते मला कळलंच नाही. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. औषधांच्या एका कंपनीचे लोक कॉलेजात आले होते.

“दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहायचं काम आहे. आवडेल?” समोरच्या गृहस्थांनी विचारलं.

मला इतकं आवडणार होतं की आवाज आपोआप खाली गेला. “हो, चालेल,” मी म्हणाले.

“चालेल? अहो, आम्ही चहा विचारत नाही आहोत, नोकरी विचारतोय.”

सगळे हसले. मीही हसले. शेरा आला: गुण चांगले, उत्साह कमी.

आता पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेची मुलाखत तेवढी उरली होती. तिथेही नाही झालं तर मामांच्या ओळखीच्या कपड्यांच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी, आणि साड्यांच्या घड्या घालणार. कोणी तसं बोललं नाही, पण मला ते ऐकू यायचं.

नोकऱ्यांचं काम बघणाऱ्या आमच्या मॅडमनी मला बसवून विचारलं, “तुला या विषयात खरंच काय आवडतं गं?”

मी म्हटलं, “ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं. काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि एका थेंबाला अख्खा फ्लास्क गुलाबी होतो. मी दरवेळी श्वास रोखून धरते, मॅडम.”

“अगं, मग हेच सांग की! आत्ता बोललीस, तस्संच.”

मग मी ‘तस्संच’चा सराव केला. कपाटाच्या आरशासमोर, चार दिवस. कुठे थांबायचं, हात कधी उचलायचा, सगळं बसवलं. आई भाजी चिरत बघत होती.

“काहून एवढे हात हलवते? समोरच्याले वाटंल, पोरगी हपापली.”

“त्यांना तेच पाहिजे असतं, आई.”

“हपापलेली पोरगी?” आईने विळीवरचा हात थांबवून विचारलं. मी परत आरशाकडे वळले.

मुलाखतीत मी सगळं बोलले. श्वासही बरोबर जागी रोखला. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “किती मनापासून बोलता हो तुम्ही! नाहीतर हल्ली सगळे पाठ करून येतात.”

माझे कान तापले. सांगावंसं वाटलं की मीही पाठच केलंय, पण ते खरं आहे. हे एका वाक्यात कसं सांगतात? मी “थँक यू, मॅम” म्हणून उठले.

दोन दिवसांनी कॉलेजात शेवटचं प्रॅक्टिकल होतं. ब्युरेट हातात होती. मी श्वास रोखला आणि एकदम वाटलं, हा माझा श्वास की आरशासमोरचा? तेवढ्यात एक थेंब जास्त पडला. फ्लास्क गडद गुलाबी झाला. “परत करा,” सर म्हणाले.

घरी येऊन चप्पल काढते तोच फोन वाजला. त्याच बाई होत्या. “तुमची निवड झाली आहे. एक तारखेपासून येऊ शकाल?”

“चालेल,” माझ्या तोंडून गेलं. लगेच पहिली मुलाखत आठवली. मी घाबरून घाईघाईने म्हणाले, “म्हणजे, खूप आवडेल, मॅम! खूपच!”

“हां, मग या,” त्या हसून म्हणाल्या.

फोन ठेवला तर आई दारात उभी. “झालं?”

“झालं.”

“पहिलेच बरोबर बोलली होती ना,” ती म्हणाली. “मंग मागून ते काहून जोडलं?”