विसाव्याच्या शेडवरचा थांबा

आमच्या गावात गेली दोन वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. वाडीवाल्यांना शाळेची बस देऊ केली होती, पण त्यांनाच ती नको होती. ही गोष्ट खोटी आहे. ती पहिल्यांदा कोणी सांगितली हे मला पक्कं माहीत आहे, कारण ती मीच सांगितली. काल रविवारी जे पाहिलं, त्यानंतर हे लिहून काढल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचं गाव बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. अंबरनाथच्या कारखान्यात जन्म घालवून मी निवृत्त झालो आणि मुलगा, सून, नात यांना घेऊन इथे मूळ गावी परत आलो. कारखान्यात अधिकारी होतो म्हणून गाव मला साहेब म्हणतं. त्याच साहेबीमुळे हायस्कूलच्या समितीतही घेतलं.

शाळेने बस सुरू करायचं ठरवलं तेव्हा नियम सरळ होते. जी मुलं चालत येऊ शकत नाहीत इतक्या लांब राहतात, ती बसला पात्र. आणि थांबा टिकवायचा असेल तर तिथे रोज मुलं उभी दिसली पाहिजेत. सगळ्यात लांब टेकडीवरची वाडी, म्हणजे पहिला हक्क तिचा. पण बस आधी आमच्या गावातून निघणार, मग वर वाडीत चढणार आणि उतरून शाळेला जाणार. एवढा फेरा घ्यायचा तर आमच्या मुलांना उजाडायच्या आत दारात उभं राहावं लागलं असतं. माझी नात तेव्हा नुकतीच पाचवीत गेली होती. तिला झोपेतून उठवणं म्हणजे घरात रोजचं रणकंदन.

बैठकीत मी म्हणालो, "वर गाडी वळायला जागा नाही. खाली फाट्यावर शेड आहे, बसायला कट्टा आहे. वाडीची मुलं तिथे उतरून येतील."

मुख्याध्यापक उल्हासनगरचे, कॅम्प पाचमधले, तेव्हा नवीनच आलेले. त्यांना छप्पर दिसलं, कट्टा दिसला. समितीतल्या गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचीही मुलं त्याच बसने जाणार होती. सगळ्यांनी हात वर केले.

ती शेड म्हणजे विसावा. स्मशानाकडे जाताना तिरडी त्या कट्ट्यावर टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि पुढे निघतात. माझ्या आईला आम्ही तिथेच टेकवलं होतं. मुख्याध्यापकांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

महिनाभर ड्रायव्हरने रिकाम्या शेडसमोर हॉर्न वाजवला. वाडीचं एकही मूल आलं नाही. मुलंच नाहीत म्हणून थांबा रद्द झाला आणि मी देवळाच्या पारावर बसून म्हणालो, "त्यांनाच नको होती."

गेल्या महिन्यात वाडीतली एक बाई आमचं अंगण झाडत होती. ती अधूनमधून कामाला येते. मी सहज विचारलं, "मुलगी कितवीत गं आता?"

"कितवीत? पाचवीपासनं घरीच हाय. बकऱ्या राखते."

"बसला पाठवायची होतीस की."

झाडू थांबला. ती वर न बघताच म्हणाली, "साहेब, पोरीला सकाळची न्हाऊ घालू आन् मढ्याच्या कट्ट्यावर उभी करू? तुमच्या नातीला करा एक दिवस उभी. मग आमच्या पोरी पन येतील."

मी आत गेलो. सुनेने चहा दिला, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काका, हे तेव्हा का नाही बोललात?"

"नातीच्या झोपेसाठी," मी म्हणालो.

त्यांनी बसचं वेळापत्रक पुढे ओढलं. "गाडी वर वळली, तर शाळा उघडल्या दिवसापासून वाडीला थांबा देतो. नाही वळली, तर माझाही इलाज नाही. रविवारी ड्रायव्हरला पाठवतो."

काल मी बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. हा गडीही उल्हासनगरचाच, कॅम्प तीनचा. चढावर मी दोनदा "सांभाळून" म्हटलं, तर म्हणाला, "अंकल, कॅम्प तीनच्या मार्केटमधून जीन्सच्या गठड्यांनी भरलेला टेम्पो रिव्हर्समध्ये काढलाय मी. टेन्शन नका घेऊ."

वाडीने आदल्या दिवशीच मैदान मोकळं केलं होतं. दगडांचा ढीग हलवला होता, बकऱ्यांचा वाडा मागे सरकवला होता. सगळी वाडी दोन्ही बाजूंना उभी. बस मागे येऊ लागली तशी प्रत्येकजण तिला वाट सांगू लागला, "घे, घे, अजून घे," "आने दो," "आरं थांब, कोंबडी!" पहिल्यांदा वळली नाही. दुसऱ्यांदा मागचा कोपरा एका म्हातारीच्या दुधीच्या मांडवाला लागला. ड्रायव्हरने मान हलवली.

म्हातारी पुढे झाली. मांडवाचा खांब तिने दोन्ही हातांनी हलवून उपटला आणि वेलीसकट बाजूला ओढला. "काढतेय," ती ड्रायव्हरला म्हणाली, "पन या सालचे दुधी तुझ्याकडनं घेनार."

"मावशी, मार्केटमधून पोतं भरून आणतो," तो म्हणाला आणि गिअर टाकला.

बस वळली. सगळी, मागच्या चाकासकट, तोंड उताराकडे करून उभी राहिली. कारखान्यात नवं यंत्र सुरू झालं तेव्हाही मी असा टाळ्या वाजवत सुटलो नव्हतो. मुलं दारातून आत घुसली. बकऱ्या राखणारी ती मुलगी पहिल्या सीटवर जाऊन बसली ती उठेचना. तिची आई खिडकीखालून ओरडत होती, "उतर गं बये, आज रविवार हाय!"

त्या गलक्यातच मी बोललो. शेडचा थांबा मी सुचवला होता, विसावा आहे हे ठाऊक असून सुचवला होता, आणि तुम्हाला बस नको असं मीच पसरवलं, हे सांगितलं. गलका ओसरला. म्हातारीने हातातली माती झटकली.

"मग आता नातीला अंधारात उठव," ती म्हणाली. कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. त्या मुलीची आई हसली नाही. ती बसकडे वळली आणि मुलीला म्हणाली, "उतर आता. उद्या परत बसायचंय."

आज शाळा उघडली. मला रात्रभर झोप नव्हती, म्हणून कोंबड्याच्याही आधी नातीच्या खोलीत गेलो आणि दिवा लावला. तिने पांघरूण तोंडावर ओढलं. मी ते ओढून काढलं. ती उठून बसली, केस पिंजारलेले, एक डोळा मिटलेला.

"इतक्या लवकरची बस कोणी ठरवली?" ती चिडून म्हणाली.

"मी," म्हटलं. "चल, बूट घाल."